क्लिवोनचा खोकला

आमच्या गल्लीत कुणाचाही खोकला तीन दिवसांच्या वर टिकत नसे, कारण चौथ्या दिवशी वागियेम दारात उभी राहायची. पाठीवर वेताची टोपली, टोपलीत सात बाटल्या, खांद्यावरून छातीवर आवळून बांधलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. तांदूळ आणि कचोऱ्याच्या कंदाचा काढा पेल्यात ओतायची आणि समोरचा तोंड वाकडं करायच्या आत म्हणायची, "नाक दाब, घोट घे, नाटकं नकोत." मलासुद्धा. मी बासष्ट वर्षांचा माणूस, पिंजरे करणारा जुमिरान, सोलोच्या पाखरांच्या बाजारात माझ्या हातच्या पिंजऱ्याला मान आहे; पण तिच्यापुढे नाक दाबून घोट घ्यावा लागे.

वोनोगिरीकडच्या कोरड्या डोंगरातल्या खेड्यातून ती सतराव्या वर्षी पाठीला टोपली बांधून शहरात आली आणि सायकलरिक्षावाल्या कार्सिदीशी तिचं लग्न झालं. आमच्याकडे बाजाराचे पाच वार असतात, वागे, पोन, क्लिवोन असे; वागेच्या वारी जन्मली म्हणून वागियेम. आम्ही सगळे तिला म्बाक म्हणत असू, थोरली बहीण, मग वयाने कुणी मोठा असो की लहान. एक मुलगा, तो कालीमंतानला ताडाच्या मळ्यात. बाकी घरात सगळी पाखरंच होती. कार्सिदीला पाखरांचं वेड. दिवसभर लोकांना ओढून जे मिळे त्यातलं निम्मं मुंग्यांच्या अंड्यांत आणि रातकिड्यांत जायचं. दयाळ होते, बुलबुल होते, उंच काठीवर चढवलेले होले होते, आणि वळचणीखाली, मी केलेल्या सगळ्यात मोठ्या पिंजऱ्यात, क्लिवोन नावाची डोंगरी मैना होती. तो नर होता, क्लिवोनच्या बाजारी घेतलेला. त्याच्यासाठी मी चोवीस काड्यांचा गोल पिंजरा केला होता आणि त्याचे पैसे कार्सिदीने मला शेवटपर्यंत फेऱ्यांमध्ये फेडले. कुठेही जायचं असलं की मी त्याच्या रिक्षात राजासारखा बसायचो.

कार्सिदी लवंगेच्या सिगारेटी ओढायचा आणि खोकायचा. तीन आखूड, एक लांब, मग घसा खाकरणं, आणि मग हाक, "येम, कॉफी!" दहा वर्षं हे रोज सकाळी ऐकून क्लिवोनने ते जसंच्या तसं उचललं. वागियेम चुलीवरून कॉफी घेऊन ओसरीवर यायची, तर नवरा केव्हाच रिक्षा घेऊन गेलेला आणि वळचणीखाली क्लिवोन मान वाकडी करून बघतोय.

"मला दोन दादले आहेत," ती सांगायची. "एक कॉफी पितो, दुसरा नुसतीच मागतो. दुसरा बरा, कप तरी धुवावा लागत नाही."

आख्ख्या गल्लीचा खोकला बरा करणाऱ्या बाईचा नवरा तिचा काढा प्यायला नाही. "पाखराला पाज," म्हणायचा. शेवटच्या दोन महिन्यांत त्याला घसा खाकरायलाही दम उरला नव्हता. नुसता खोकायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. हाक बंद झाली होती. मी शेजारीच बसायचो. पिंजऱ्याच्या काड्या तासायचो. मग तो गेला.

तो गेल्यावर आठवडाभर क्लिवोन गप्प होता. आठव्या सकाळी त्याने हाक मारली, "येम, कॉफी!" वागियेम चुलीपुढे होती. तिने कॉफी केली, बाहेर आणली आणि पिंजऱ्याखालच्या स्टुलावर ठेवली. त्या दिवसापासून रोज एक कप ठेवायची आणि गार झाला की स्वतः प्यायची. गल्लीत कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी पाहून घेतलं असतं.

पण क्लिवोन म्हातारा होत चालला होता, आणि ही गोष्ट तिला दिसत होती. त्याच्या वर्षाचं जेवण झालं आणि ती बाजारातून मैनेचं एक पिल्लू घेऊन आली. पोनचा बाजार होता, म्हणून नाव पोन.

"दिक, याला एक पिंजरा कर," मला म्हणाली. दिक म्हणजे धाकटा भाऊ. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तरी. "याला क्लिवोनच्या शिकवणीला लावायचाय. क्लिवोन गेला तर यांचा आवाज गेला."

आमच्याकडे पाखरं अशीच शिकवतात. उस्ताद पाखराच्या शेजारी चेल्याचा पिंजरा टांगायचा आणि त्यावर जाड कापड टाकायचं, म्हणजे चेल्याला काही दिसत नाही, लक्ष दुसरीकडे जात नाही, कानात फक्त उस्तादाचा आवाज जातो. खायला घालताना आणि सकाळच्या उन्हात तेवढं कापड काढायचं. पोनला असं दीड वर्ष ठेवला. काही नाही. दारासारखा करकरायचा, बस. मी म्हणायचो, "म्बाक, हा ठोंब्या आहे, याला विका." ती म्हणायची, "तू तरी कुठे पहिल्याच वर्षी पिंजरा करायला शिकलास?"

आता जे झालं ते सांगतो. त्यात माझाही हात आहे, म्हणून जास्तच नीट सांगायला हवं.

माणूस गेला की आम्ही त्याचे दिवस मोजतो. तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, वर्ष, दुसरं वर्ष, आणि शेवटी हजारावा. हजाराव्याला मोठं जेवण, प्रार्थना, आणि मग कबरीवर कायमचा दगड. तोवर माणूस घराभोवती घुटमळतो असं जुने लोक मानतात. हजाराव्यानंतर तो जातो. कार्सिदीच्या हजाराव्या दिवसाला दोन महिने होते तेव्हा एका सकाळी क्लिवोन खोकला. तीन आखूड, एक लांब. आणि थांबला. खाकरला नाही, हाक मारली नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसाच खोकला.

वागियेमच्या हातातून हळदचिंचेची बाटली पडून फुटली. ती धावत माझ्याकडे आली.

"दिक, चल. ते शेवटी शेवटी खोकायचे ना, तसं खोकतोय. हुबेहूब."

मी गेलो, ऐकलं. खरंच, कार्सिदी भिंतीला टेकून बसायचा तेव्हाचा तो खोकला होता. मी म्हणालो, "म्बाक, त्यांचे दिवस भरत आले. निरोप घ्यायला आलेत."

हे मी म्हणालो. चाळीस वर्षं पाखरांत काढलेला माणूस. मला दुसरं काही सुचलंच नाही, कारण कार्सिदीसाठी मीही अडीच वर्षं आसुसलो होतो.

मग बघता बघता गल्लीभर झालं. संध्याकाळी लोक ओसरीवर येऊन बसू लागले. जुने रिक्षावाले यायचे, टोपी काढायचे आणि पिंजऱ्याकडे तोंड करून, थोरल्या भावाला सांगावं तसं, सांगायचे, "कांग, स्टेशनचा आपला नाका आता पोरांनी घेतला बघ." क्लिवोन खोकायचा आणि ते मान हलवायचे. कुणीतरी लवंगेची सिगारेट पेटवली, तर क्लिवोन लागोपाठ खोकला. वागियेमचे डोळे भरून आले. "वास ओळखला यांनी," ती म्हणाली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी पिंजऱ्याखालच्या स्टुलावर, कॉफीच्या कपाशेजारी, एक सिगारेट पेटवून ठेवायची. निखारा आपला आपण जळत जायचा आणि धूर सरळ वर, पिंजऱ्यात. पाकिटं मी आणून द्यायचो. त्याचाच ब्रँड, शोधून.

क्लिवोन केळं खाईनासा झाला. ती म्हणाली, "हेही शेवटी जेवत नव्हते." क्लिवोन वरची दांडी सोडून तळाला बसू लागला. ती म्हणाली, "हेही खाटेवरून उतरून जमिनीवर निजायचे." पिसं फुलवून, डोळे मिटून बसायचा. "थंडी वाजायची यांना." प्रत्येक गोष्ट बरोबर बसत होती. इतकी बरोबर, की आम्हाला आनंद होत होता. मला तर हे आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आणि हे सगळं चालू असताना शेजारच्या पिंजऱ्यात, कापडाखाली, पोन ऐकत होता.

हजाराव्या दिवशी बकरं कापलं. मुलाने पैसे पाठवले होते. केळीच्या पानांवर भाताचे ढीग, गोड आंबोळ्यांच्या चळती, ओसरीवर चटया आणि त्यावर पन्नास-एक पुरुष. प्रार्थना सुरू झाली तसा क्लिवोन खोकला, आणि प्रार्थना संपेपर्यंत खोकत राहिला. म्हातारे रडले. मी रडलो. आत बायकांच्यात वागियेम दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. सगळे पांगल्यावर मला म्हणाली, "आता ते गेले. उद्यापासून क्लिवोन पुन्हा पहिल्यासारखी हाक मारील बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटया उचलायला गेलो. कोवळं ऊन तिरपं होऊन पिंजऱ्यात शिरलं होतं. क्लिवोन तळाला बसला होता, माझ्याकडे पाठ करून. खोकत नव्हता, चोच उघडी होती आणि प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी खालीवर होत होती.

हे चिन्ह पाखरवाल्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. श्वासाबरोबर शेपटी हलली की छाती गेलेली असते. नक्कल घशातून होते. नकलेला शेपटी हलत नाही.

"म्बाक," मी म्हणालो, "त्याची शेपटी बघा."

ती हात पुसत आली. बघितलं. पिंजऱ्याचं दार उघडून त्याला दोन्ही हातांत घेतलं आणि कानाशी धरलं, गल्लीतल्या तान्ह्या पोरांची छाती ऐकायची तसं. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"हा खोकतोय," ती म्हणाली. "हे नाहीत. हा खोकतोय. हा आजारी आहे, दिक."

मग स्टुलावरच्या राखेकडे बघितलं, आणि माझ्याकडे. बोलली असती तर बरं झालं असतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुलीच्या वयाच्या. नळी लावून ऐकलं, डोळे तपासले. म्हणाल्या, आतल्या हवेच्या पिशव्यांत बुरशी धरली आहे, घरात धूर होतो का? वागियेम म्हणाली, "मी करत होते." किती दिवस खोकतोय? "दोन महिने."

"दोन महिने?" बाईंचा आवाज चढला. "आजी, दोन महिने तुम्ही काय करत होतात?"

"ऐकत होते," वागियेम म्हणाली.

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, ऊब द्यायची, बाकीच्या पाखरांपासून लांब ठेवायचा. आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, उशीर झालाय, आशा धरायला लावू नका.

मी त्याच दिवशी फळ्यांची एक पेटी केली, समोर जाळी, वर दिव्याला जागा. बाकीची सगळी पाखरं, पोनसकट, माझ्या ओसरीवर आणली. ओरडून ओरडून त्यांनी माझं डोकं उठवलं. वागियेमने क्लिवोनला मांडीवर घेऊन केळं बोटाने कुस्करून एक-एक कण भरवला. घेतला तर घेतला, नाही तर पुन्हा. पेटीत एकटा ठेवला की तो कावराबावरा व्हायचा, दम लागायचा. म्हणून तिने टोपलीतून दोन बाटल्या काढल्या, त्या जागी जुन्या सारोंगची घडी घातली आणि त्याला पाठीवर घेऊन काढा विकायला निघाली. पहाटेच्या गारव्यात त्याला तिच्या पाठीची ऊब मिळायची.

"म्बाक, चार दिवस घरी बसा," मी म्हणालो.

"घरी बसले की कान त्याच्याकडे लागतात. चालताना मी त्याला घेऊन चालते. एवढंच."

कोपऱ्यावरचा रिक्षावाला टोपलीत डोकावून म्हणाला, "काय म्हणतात कांग कार्सिदी?"

ती अशी कडाडली की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "कार्सिदी मेला! तीन वर्षं होत आली. हा क्लिवोन आहे. आजारी आहे. काढा घेणार असशील तर घे, नाही तर वाट सोड!"

स्टुलावरचा कप तिने उचलून ठेवला. संध्याकाळी पेटीपुढे बसून त्याच्याशी बोलायची, आणि मी कुंपणापलीकडून ऐकायचो. एकदा त्याने चोच उघडली, घशात काहीतरी गोळा केल्यासारखं केलं. मी हातातलं काम टाकून उभा राहिलो. मला वाटलं, आता हाक मारतो. देवा, एकदा मारू दे. आणि वागियेम त्याच्या मानेवरून बोट फिरवत म्हणाली, "बोलू नकोस बाळा. दम लागेल. मला काही नको तुझ्याकडून. गप्प बस."

तो गप्प बसला.

अकराव्या सकाळी नऊच्या सुमारास ती माझ्या दारात आली. एरवी साडेदहाशिवाय परतत नसे. बाटल्या भरलेल्या होत्या.

"दिक, टोपली उतरव."

चाळीस वर्षांत तिने टोपली कुणाला उतरवू दिली नव्हती. खाली बसून, कापडाची गाठ सोडून स्वतःच उतरवायची. मी उतरवली. क्लिवोन सारोंगच्या घडीत मान आत घालून पडला होता.

"सुताराच्या घरापर्यंत नखं वाजत होती बाटलीवर," ती म्हणाली. "मशिदीपाशी वाजायची थांबली. मी मागे बघितलं नाही. तशीच चालत आले." मग ती माझ्या काड्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. कार्सिदी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिने सगळं करून पाहिलं होतं ना.

परसात कचोऱ्याचा वाफा होता, त्यात मी त्याला पुरला.

पाखरं अजून माझ्याकडेच होती. ती म्हणाली, राहू देत थोडे दिवस. पंधरवडा गेला असेल. बांबूची काडी वाकवायला दिव्याची ज्योत लागते, म्हणून मी आगकाडी ओढली. आगकाडीचा वास पसरला, आणि माझ्या पाठीमागून खोकला आला. तीन आखूड, एक लांब, आणि शेवटी बारीक शीळ, छातीत अडकलेल्या हवेची.

मी वळलो. पोन दांडीवर ताठ बसला होता. मी दुसरी काडी ओढली. तो पुन्हा खोकला.

यालाही लागण झाली असं वाटून मी तसाच पिंजरा उचलला, वागियेमला हाक मारली, आणि आम्ही दोघं त्याला घेऊन दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, चोच उघडून पाहिली, दोनदा वजन केलं. म्हणाल्या, "याला काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

दोन महिने कापडाखाली बसून ठोंब्या शिकला होता.

गल्लीत लोकांना आनंद झाला. "चला, कार्सिदीचा आवाज राहिला," म्हणाले. वागियेम ओसरीवर पोनच्या पिंजऱ्याखाली उभी राहून ऐकत होती. मान हलवली.

"यांच्या खोकल्याला शेवटी शीळ नव्हती," ती मला हळूच म्हणाली. "ही क्लिवोनची आहे."

मी म्हणालो, "म्बाक, याला मला द्या. लांबच्या बाजारात विकतो. नाही तर माझ्या बुलबुलाशेजारी टांगतो, दुसरं काही शिकेल, हे विसरेल." खरं म्हणजे मला तो आवाज सहन होत नव्हता. मी पिंजऱ्याचं कडं धरलंसुद्धा. तिने माझा हात बाजूला केला.

त्याला आता दोन वर्षं झाली. पोन तिच्याच ओसरीवर असतो, कापडाशिवाय. कुठे कुणी काडी ओढली, कुणाची चूल पेटली, की खोकतो. आणि वागियेम, हातात पीठ असो, गिऱ्हाईक दारात असो, उठते. आता गुडघे धरून उठावं लागतं तिला. कचोऱ्याच्या काढ्याची बाटली घेते, बोटाच्या टोकावर एक थेंब धरते आणि पिंजऱ्यात हात घालते. पोन आवडीने चाटतो. परवा मी न राहवून म्हणालो, "म्बाक, त्याला काही झालेलं नाही हो."

"माहितीये," ती म्हणाली आणि दुसरा थेंब बोटावर घेतला. "मागच्या खेपेला बसून राहिले होते, दिक."